भोपू म्हणजे काय

आजीचे दात सुनेनं घडवले होते. सून एका दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. सासूच्या कवळीसाठी तिनं तीनदा साचा घेतला, आठवडाभर घासली आणि अशी चपखल बसवली की साठीनंतर आजी पुन्हा चणे फोडायला लागली. आता सुनेनं दिलेल्या दातांनी सुनेलाच चावायचं म्हणजे कुणाचंही तोंड जरा अडखळलं असतं. आजीचं अडखळत नसे. दात घेतले होते, जीभ गहाण टाकली नव्हती.

चार पोरं वाढवलेली बाई ती. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही म्हणून दुसरीतच शाळा सुटली, तेव्हापासून तिच्या कडेवर कुणी ना कुणी होतंच. पोरं कशी सांभाळावीत यावर कुणी दोन शब्द सांगायला लागलं की ती म्हणे, "सांगा, सांगा. माशाला पोहायला शिकवा."

कडेवरचं सगळ्यात शेवटचं पोर म्हणजे तिची नात. तिला सगळे ठकी म्हणत. दोन वर्षांची व्हायला दोन महिने कमी होते. सून सकाळी आठला दवाखान्यात जाई, मुलगा लिफ्ट दुरुस्त करत गावभर हिंडे, आणि संध्याकाळपर्यंत घरात या दोघींचं राज्य. ठकीला तोंड फुटलं ते त्याच राज्यात. त्यामुळे तिची भाषा घरात एकट्या आजीला पुरती येई. संध्याकाळी पोर आईच्या मांडीवर बसून "टुब्बी, टुब्बी" करायला लागली की सून सासूकडे बघे. आजी मुद्दाम जरा थांबे, चष्मा पुसे आणि मग सांगे, "पंखा लाव म्हणतेय." सुनेला ठकीचे दहाबारा शब्द येत, मुलाला चार. आजीला एक्कावन्न. वकिलाला कायद्याचा नसेल इतका ताठा तिला त्या एक्कावन्न शब्दांचा होता.

आजीची स्वतःची भाषाही ठरलेली. जो जिवाचा तो मेल्या, जी जिवाची ती मेली. मुलगा चाळिशीला टेकला तरी "जेवलास का रे मेल्या". ठकीला दिवसातून शंभरदा "ये गं मेले". दूधवाला, खालचा वॉचमन, फार काय, जिना चढताना कुरकुरणारा स्वतःचा उजवा गुडघा, सगळे मेलेच. सुनेला मात्र सहा वर्षांत तिनं "बाई"शिवाय हाक मारली नव्हती. "बाई, चहा घेता का." सून आपली समजूत घाले की सासू मान देते. कधीकधी तिला तो मान नकोसा होई.

अशात तो कडीचा प्रकार झाला.

आजी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली होती. ठकीनं आतून दार लोटलं आणि नुकतीच हाताला येऊ लागलेली खालची कडी सरकवली. आजी बाहेर, पोर आत, मध्ये काच. पाऊण तास आजी काचेला कपाळ लावून "कडी काढ गं मेले, कडी" करत राहिली. ठकीनं कडी सोडून बाकी सगळं काढलं. कपाटातले कपडे काढले, डब्यातलं पीठ काढलं, आईची लाली काढली. शेवटी शेजारच्या इमारतीला रंग देणारा रंगारी शिडी लावून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरला आणि त्यानं कडी काढली, तेव्हा पोर त्याच्यापेक्षा जास्त रंगलेली होती. अडकलेली माणसं सोडवणं हाच ज्याचा धंदा, तो आजीचा मुलगा त्या वेळी तीन रस्ते पलीकडे दुसऱ्याच कुणाच्या आईला लिफ्टमधून सोडवत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आजी पुढे ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगे. एक तेवढं सांगत नसे. त्या पाऊण तासात पोर दोनदा स्वयंपाकघराकडे वळून दिसेनाशी झाली होती, आणि दोन्ही वेळा आजीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि आवाज निघाला नव्हता.

जेवताना मुलानं विषय काढला. "आई, आता पाळणाघर बघू या."

"कुणासाठी? तिच्यासाठी की माझ्यासाठी?"

"ठकीसाठी. तू थकलीस."

"मी थकले नाही. कडी खाली होती."

"कडी काढून टाकली मी. उद्या दुसरं काहीतरी असेल."

सून खाली मान घालून घास चिवडत होती. तिनं पंधरा दिवसांची रजा टाकली होती. त्यानंतरच्या सोमवारी ती हजर झाली नाही तर तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसणार होती. डॉक्टरीणबाईंनी ते साखरेत घोळवून सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. आणि सुनेला ते काम सोडवत नव्हतं. बोळकं घेऊन आलेला माणूस आरशात बघून पहिल्यांदा दात दाखवतो, ते बघायला ती मागच्या खोलीतून मुद्दाम पुढे येई.

"ठीक आहे," आजी म्हणाली. "पण मला पसंत पडेल तिथंच पोर जाईल. मी चार वाढवलीत, मला कळतं."

"कबूल," मुलगा म्हणाला.

"आणि तुम्हाला कुठलंच पसंत पडलं नाही तर, आई?" सुनेनं विचारलं.

"तर बाई, पोरीला आई आहेच की."

सुनेला जे समजायचं ते समजलं. आजीला काही पसंत करायचंच नव्हतं. सून घरी बसली तर पोर घरात राहील, डोळ्यांसमोर, आणि "टुब्बी" म्हणजे काय ते सांगायला कुणीतरी लागेलच.

सुनेनं यादी केली. तीन पानं, बेचाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. एका बाईमागे किती मुलं, आग लागली तर बाहेर जायची वाट कुठली, मूल आजारी पडलं तर काय करता. आजीनं ती यादी लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली आणि परत दिली. "एवढं तर मुलगी बघायला गेल्यावर विचारत नाहीत."

"मग तुम्ही काय बघणार, आई?"

"पोरांची नाकं, बायांची नखं आणि पुसायचं फडकं. बाकीचं सगळं नाटक असतं."

पहिलं पाळणाघर म्हणजे महालच. काचेची दारं आपोआप उघडली. फरशीत तोंड दिसत होतं, आणि आजीनं ते बघून कवळी नीट केली. टाचांचे बूट घातलेली एक बाई हसत पुढे आली. ती मॅनेजर.

"पाळणे कुठायत?" आजीनं विचारलं.

"पाळणे नसतात हो आजी. आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हिटी झोन आहेत."

"घोडा नाही एक, आणि नाव तबेला."

सून घाईनं यादीकडे वळली. एका बाईमागे तीनच मुलं. खूण. कॅमेरे आहेत, कामावर बसून फोनवर मूल दिसतं. खूण. खुणांवर खुणा पडत होत्या आणि सुनेचा चेहरा उजळत चालला होता. आजी तोवर खोलीभर हिंडून आली. खेळणी होती, पण मोठ्यांचाही हात पुरणार नाही अशा फळीवर, आकारानं लावून ठेवलेली. पोरं होती, पण देवळाबाहेरच्या चपलांसारखी गप्प. कोपऱ्यातल्या एका मुलीला आजीनं गाठलं. निळा कोट घातलेली ती मुलगी पोरं सांभाळत होती.

"किती दिवस झाले गं तुला इथं?"

"आठवडा झाला, आजी."

"आणि त्या दुसरीला?"

"ती आजच आली."

"आधीच्या कुठं गेल्या?"

"टिकत नाही कुणी," मुलगी हळूच म्हणाली.

"बरं, या पोराचं नाव काय?"

मुलगी वाकली आणि पोराच्या छातीवरचा बिल्ला वाचू लागली.

"राहू दे," आजी म्हणाली. "बिल्ला हमालाला असतो. त्याचंही नाव आम्ही विचारून घेतो."

इतक्यात सुनेच्या कडेवरून उतरलेली ठकी म्हणाली, "भोपू."

आता या भोपूची गोष्ट अशी. आजीच्या इमारतीत रोज सकाळी अकराला पाण्याचा पंप सुरू होई. सुरू होताना तो बोकडासारखा ओरडे, आणि त्यानंतर नळाला पाणी येई. ठकीला ते सगळं भोपू. आधी भोपू, मग पाणी. एकदा तिला घाईची शू लागली तेव्हा तिनं आपलं डोकं चालवलं आणि सांगितलं, "भोपू." पाणी येणार, असा त्याचा अर्थ. अकराला आई कामावर असे, त्यामुळे हा शब्द फक्त आजीकडे होता. सून तिला घड्याळ बघून न्यायची, आजी शब्दावरून.

"बाहेर कुठंतरी हॉर्न वाजला असेल," सून हसून म्हणाली.

"हाऊ स्वीट," म्हणत मॅनेजरबाईंनी फळीवरून खेळण्यातला भोंगा काढून ठकीच्या हातात दिला. ठकीनं भोंग्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं. "भोपू," ती परत म्हणाली, जरा काकुळतीनं.

आजी छताकडे बघत राहिली.

मग जे व्हायचं ते झालं. चकचकीत फरशीवर तळं पसरलं, मॅनेजरबाई मागे सरायला गेल्या, आणि त्यांची एक टाच पूर्वेला गेली, एक पश्चिमेला. निळ्या कोटातल्या मुलीनं धरलं म्हणून थोडक्यात वाचल्या. उठल्या त्या वेगळ्याच आवाजात बोलत उठल्या. "मुलीला सवय लावलेली दिसत नाही. अशा मुलांचा आमच्याकडे वेगळा गट असतो."

सुनेनं ठकीला उचललं, यादीची घडी घातली आणि सरळ बाहेर पडली. काचेचं दार उघडायला वेळ लागला तेवढा वेळ ती नुसती दारासमोर फणफणत उभी होती. आजीला त्या क्षणी ती बरी वाटली. तसं बोलून दाखवायचं काही कारण नव्हतं.

"सांगितलं कसं नाही हिनं?" रस्त्यात सून म्हणाली.

"लहान आहे," म्हणून आजीनं चष्मा पुसला.

दुसरं पाळणाघर घरापासून पाच मिनिटांवर, एका बाईच्या राहत्या घरात होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि आत अकरा पोरं एका ओळीत गाढ झोपलेली. पडदे ओढलेले, टीव्ही हळू आवाजात चालू, बाई सोफ्यावर.

"किती शहाणी मुलं आहेत," सून दबक्या आवाजात म्हणाली. घर जवळ, शांत मुलं, तिला बरं वाटायला लागलं होतं.

"साडेदहाला चोर झोपतात," आजी म्हणाली. "पोरं नाही." ती फडकं बघायच्या निमित्तानं आत गेली. ओट्यावर एक मोठी बाटली आणि चमचा होता, चमचा अजून चिकट. दुसरीपर्यंतच्या शाळेनं दिलेली अक्षरं आजीनं एकेक करून जुळवली. खो. क. ला. बाहेर येऊन तिनं विचारलं, "बाई, अकराच्या अकरांना एकदम खोकला?"

सोफ्यावरची बाई उठून बसली. "हवा बदलली आहे ना."

"अकरा पोरं झोपलीत आणि एकही खोकत नाही. औषध भलतंच गुणाचं आहे."

सुनेचा रंग उडाला. पोरांना झोपवायला औषध पाजता का, हा प्रश्नच तिच्या यादीत नव्हता. बाहेर आल्यावर तिनं जिन्यात बसून एक फोन केला, पाळणाघरांवर देखरेख असते त्या कचेरीला. पत्ता नीट सांगितला, स्वतःचं नावही सांगितलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई, तुम्ही नसतात तर मी आज ठकीला इथं ठेवलं असतं."

आजीनं पदर सावरला. "उठा बाई, जिना थंड आहे," ती म्हणाली.

तिसरं पाळणाघर सायकलवाल्याच्या दुकानामागे, तळमजल्यावर. दिवस शनिवारचा, म्हणजे हातात तेवढाच दिवस उरलेला. बोर्डाचा रंग उडालेला, आतून गलका. आजी खूश झाली. इथं खोड काढायला फार लांब जावं लागणार नव्हतं.

दारात एक रुंद बांध्याची बाई भेटली, सगळे तिला ताई म्हणत होते. तिच्या कोपरापर्यंत माती होती. "या, या. हात देत नाही, भरलेत," ती म्हणाली. आजीनं तेवढ्यात नखं बघून घेतली. मुळापासून कापलेली. नाकं बघितली. एक पोर शेंबडं निघालं, पण आजी तोंड उघडायच्या आत ताईंनी ते पुसलं आणि नळाखाली हात धुतले. फडकी बघितली. दोन होती, लाल फरशीचं आणि पांढरं टेबलाचं, दोन वेगळ्या खिळ्यांवर, उन्हात. आजीला राग यायला लागला.

"तो रडतोय तिकडे," आजीनं बोट दाखवलं.

"हो, त्याची आई आत्ता गेली. रडू दे. मी बसते त्याच्याजवळ." आणि ती खरंच जाऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. खेळणं दिलं नाही, गप्प कर म्हणाली नाही. थोड्या वेळानं पोरानं आपणहून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"किती वर्षं झाली तुम्हाला?" आजीनं ठेवणीतला प्रश्न काढला.

"एकोणीस. ती मदतनीस नऊ वर्षं आहे. दुसरी चार. दुसरीला नवीनच म्हणतो आम्ही."

सून यादी घेऊन मदतनिसाबरोबर मागचं दार आणि संडास बघायला गेली. ताईंनी ठकीला हाक मारली नाही की उचललं नाही. एका डब्यातली बटणं निवडत नुसत्या बसल्या. ठकी दोन पावलं आली, थांबली, आणखी दोन आली आणि डब्यात हात घातला. आजी बघत होती. हे ती स्वतः करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला येत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

भिंतीवर सुतळीला बांधलेली एक जाड वही लटकत होती. ताईंनी ती काढली. "आजी, हिचे शब्द सांगता का?"

"कसले शब्द?"

"प्रत्येक पोराची भाषा वेगळी. हे बघा, हा 'गागा' म्हणतो म्हणजे बूट. ही 'गागा' म्हणते म्हणजे तिचा मामा. घोळ झाला की पोर रडतं. म्हणून पहिल्या दिवशीच लिहून घेते. हिला सांभाळता तुम्ही, म्हणजे तुम्हालाच येत असणार."

बरोबर जागी बोट ठेवलं होतं तिनं. आजीला वाटलं, ही नुसती पोर मागत नाही, किल्ल्यांचा जुडगाच मागते आहे. एकदा का शब्द त्या वहीत गेले की सुतळीला लटकणार, आणि कुणीही यावं, वाचावं. मग आजी कशाला हवी?

"फार काही बोलत नाही ती," आजी म्हणाली.

"मघाशी मी हात धुताना नळाकडे बघून 'भोपू' म्हणाली ना?"

"म्हणते कधीकधी." आजीचा आवाज अगदी गोड झाला. "भोपू म्हणजे भूक."

ताईंनी नीट अक्षरात लिहिलं. भोपू – भूक.

सून परत आली ती एकोणचाळीस खुणा घेऊन. "आई, तुम्हाला कसं वाटतं?" विचारताना यादी तिच्या हातात चुरगळत होती.

आजीला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला खोड लागते, आणि पाळणा नाही याखेरीज दुसरी खोड सापडत नव्हती. शिवाय नाही म्हटलं तर बोल आपल्यावर. हो म्हटलं तर जे करायचं ते भोपू करील. सोमवारी अकराच्या आत इथून फोन येईल, घेऊन जा म्हणून.

"ठेवा," आजी म्हणाली.

सुनेनं तिचा हात धरला. आजीनं तो अनोळखी वस्तू हातात आल्यासारखा दोन क्षण तसाच ठेवला आणि सोडवून घेतला.

ठरलं असं की सोमवारपासून पहिले काही दिवस पोर दुपारपर्यंतच राहील. सकाळी सून तासभर बरोबर बसून दवाखान्यात जाईल, दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन घेऊन येईल. आजी घरी. सोमवारी सगळे गेल्यावर तिनं फोन पुसून समोर ठेवला, चपला दाराशी सरळ लावल्या आणि बसली. नऊ वाजले. दहा वाजले. फोन मुका.

अकराला खाली पंप ओरडला.

आजी सवयीनं उठली. "चल गं मेले," म्हणत न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथं तिच्या लक्षात आलं की हात रिकामा आहे. नळाला पाणी आलं, बादलीत पडू लागलं. ती तशीच उभी राहिली. आत्ता या घटकेला पोर तिकडे भोपू म्हणत असेल. कुणी तिला केळं देत असेल. ती परत म्हणत असेल, आणखी केळं. महालात जशी आजीकडे वळली होती तशी ती आजीला शोधत असेल, आणि तिथं छताकडे बघायलासुद्धा आजी नाही. बाल्कनीच्या काचेचं जे झालं होतं तेच झालं होतं. पोर आत, आजी बाहेर. फक्त या वेळी कडी आजीनं स्वतः घातली होती.

तिनं नळ बंद केला आणि जिना उतरली. "चल मेल्या, आज कुरकुरलास तर कापून टाकीन," ती गुडघ्याला म्हणाली, आणि गुडघा चालला.

ताई अंगणात पोरांचे हात धुवत होत्या. ठकी रांगेत तिसरी, कोरडी ठणठणीत, पायांत धुतलेली दुसरी चड्डी. आजीला बघून तिनं हात हलवला आणि रांगेतली जागा सोडली नाही.

"या आजी. बरं झालं आलात," ताई म्हणाल्या. "तुमचा शब्द चुकला."

"कुठला?"

"भोपू. सकाळी म्हणाली म्हणून मी केळं दिलं. तिनं ते फेकलं आणि माझ्या मांडीवर कार्यक्रम उरकला. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. गुडघ्याला गुडघा लावून उभी. उचलून पळाले. तिसऱ्यांदा तर ती माझं बोट धरूनच घेऊन गेली. दोन तासांत कळलं बघा." ताई नळ बंद करत सहज म्हणाल्या, "तुम्हाला वर्षभरात कसं कळलं नाही?"

आजी सापडली. म्हणावं की नाही कळलं, तर चार पोरं वाढवलेली बाई मूर्ख ठरते. म्हणावं की कळलं होतं, तर खोटारडी ठरते. इकडे आड, तिकडे विहीर. आजीनं दोन्हींत डोकावून बघितलं. आयुष्यात तिला लोकांनी कजाग म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं. बावळट कुणी म्हटलं नव्हतं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं."

"का?"

"तू लक्ष देतेस का बघायचं होतं."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं त्या पोरांच्या पायांकडे बघून मनातलं ओळखत होत्या, म्हातारीचं तोंड म्हणजे काय. पण हसल्या नाहीत. "मग? देते का?"

"देतेस," आजी म्हणाली. तो शब्द काढताना सुनेनं बसवलेले दातही क्षणभर हलले. "आण ती वही. आणि मला खुर्ची दे. तुझ्यासारखं जमिनीवर बसले तर उठवायला माझ्या लेकाला बोलवावं लागेल, आणि तो लिफ्टशिवाय काही उचलत नाही."

मग आजीनं एकेक शब्द सोडला. टुब्बी म्हणजे पंखा. पण गरम होतंय तरच. नुसतं फिरताना बघायचं असेल तर टुबू. चिच म्हणजे सांडलं. चिच-चिच म्हणजे मी नाही सांडलं. कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाही, पण उजवीच; डावी दिली तर चावते. ताई लिहीत होत्या, ठकीचं पान भरून मागच्या पानावर गेलं. आजीला वाटलं होतं सगळे शब्द दिल्यावर पोकळ वाटेल. तसं काही झालं नाही. उलट सांगतासांगता तीन शब्द असे आठवले जे ती मोजायलाच विसरली होती. चोपन्न भरले.

सून धावत आली तेव्हा सव्वा वाजला होता. दवाखान्याचा पांढरा कोट काढायचाही तिला वेळ झाला नव्हता. खुर्चीवर सासू आणि शेजारी उघडी वही बघून ती दारातच थबकली. काहीतरी बिनसलं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"काय झालं, आई?"

"काही नाही. पोर राहील इथं. तू उद्यापासून... तुम्ही उद्यापासून वेळेवर कामाला जा, बाई."

सुनेनं वही हातात घेतली आणि वाचत गेली. वाचतावाचता एकदा हसली, एकदा तिचे डोळे भरून आले. "चिच-चिच म्हणजे हे होय? आणि मी रोज परत पुसत होते." मग भोपूपाशी आली. खोडून वर नवीन लिहिलेलं होतं. ती बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत होती, आणि आजी बाहेर सायकलवाला काय करतोय ते बघत होती.

"म्हणजे त्या महालात..."

"हो," आजी म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो म्हटलं ना."

सून तोंडावर हात ठेवून वळली. तिचे खांदे हलायला लागले. आजीला वाटलं रडते आहे. ती रडत नव्हती. "टाचा," ती कशीबशी म्हणाली, "एक इकडे आणि एक..." आणि मग तिला बोलताच येईना.

"आणखी एकच शब्द राहिला," ताई म्हणाल्या. "आजींनी तो सांगितला नाही. ठकी सकाळपासून सगळ्यांना 'मेये' म्हणते. मला म्हणते, मदतनिसाला म्हणते. त्या रडणाऱ्या मुलाला तर कुरवाळून म्हणत होती, मेये, मेये. हे काय आहे?"

आजी चष्मा पुसू लागली. भरल्या पाळणाघरात, पोरांच्या देखत, त्याचा अर्थ कसा सांगायचा?

सुनेनं डोळे पुसले. "लिहा, ताई," ती म्हणाली. "मेये म्हणजे जिवाचं माणूस. आमच्याकडे फक्त जिवाच्या माणसांनाच म्हणतात. मला अजून कुणी म्हटलेलं नाही."

ताईंनी मान वर न करता लिहिलं. आजीनं गुडघ्यावर हात टेकला, उठली, ठकीची टोपी झटकली, चपला पायांत घातल्या. एवढं सगळं करायला तिनं जरा जास्तच वेळ घेतला. मग दाराकडे तोंड करून, कुणाकडेही न बघता म्हणाली,

"चल गं मेले घरी. सुट्टी संपेल तुझी, दोन घास खाऊन जा."

ठकीला वाटलं तिलाच म्हटलं. ती पुढे धावली. सूनही धावली.